बाबांचा मधला पक्ष

माझ्या वडिलांनी एक राजकीय पक्ष काढला होता. तो दिवाळीच्या सुमारास निघाला आणि होळीच्या आत संपला. त्याचं नाव मी इथे सांगत नाही. नाव चार शब्दांचं होतं, चारही शब्द वजनदार होते, आणि आमच्या मुर्धा गावात ते कुणाच्या तोंडात बसलं नाही. लोक त्याला मास्तरांचा पक्ष म्हणायचे. बाबा स्वतः मधला पक्ष म्हणायचे. मी त्या पक्षाची एकमेव उमेदवार होते.

हे सांगताना मला हसू यायला हवं, निदान लाज तरी वाटायला हवी. पण त्या दिवसांत मला काहीच वाटत नव्हतं, त्यामुळे आठवणीही तशाच आल्या आहेत, बिनमिठाच्या. त्याआधी दोन वर्षं माझा नवरा गेला होता. ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत, डबा उघडायच्या आधी. मूलबाळ नव्हतं. विरारचं भाड्याचं घर सोडून मी बाबांकडे आले आणि भाईंदर पश्चिमेला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रिसेप्शनवर बसायला लागले. उपाशीपोटी आलात का, एवढंच दिवसभर विचारायचं असतं. ते मला जमत होतं. आई आधीच गेलेली. घरात बाबा आणि मी, आणि भिंतीपलीकडे मोठे काका नि काकी.

घर मुळात एकच, आजोबांचं. आजोबा गेल्यावर मधे भिंत घातली, पण ओट्यावर कुणी भिंत घातली नाही. तो या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग आहे. संध्याकाळी दोघे भाऊ त्यावर बसायचे, काका आपल्या दारासमोर, बाबा आपल्या, आणि मधल्या मोकळ्या जागेतून गप्पा चालायच्या. काकांनी उमेदीची वर्षं मिठागरात काढली आणि मिठागरं बंद पडल्यावर गावाची कामं अंगावर घेतली. गावकीत त्यांचा शब्द शेवटचा. बाबा भाईंदरच्या शाळेत इतिहास शिकवून रिटायर झाले. गावात काकांचं चालायचं, शाळेत बाबांचं, आणि आयुष्यभर दोघांनी एकमेकांच्या हद्दीत पाय टाकला नव्हता.

बाबांनी पक्ष काढला आणि काकांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं. निवडणुकीत आपटी खाल्ली त्याचं बाबांना फारसं काही वाटलं नाही. हे मात्र त्यांना फार लागलं. मला सांगायचं आहे ते एवढंच, की ते दोघे पुन्हा बोलले का. पक्षबिक्ष त्याच्या आजूबाजूचं.

झालं असं, की आमच्या महापालिकेत कित्येक वर्षं निवडणूकच झाली नव्हती. नगरसेवक नाहीत, सभा नाही, सगळा कारभार प्रशासकाच्या हातात. लोकांना त्याची सवयही झाली होती. गटार तुंबलं की कुणाच्या नावाने बोटं मोडायची हाच प्रश्न, बाकी काही अडत नव्हतं. मग कळलं की निवडणूक लागणार. लगेच गल्लोगल्ली वाढदिवसाचे बॅनर लागले. ज्यांचे वाढदिवस कुणाला माहीत नव्हते त्यांचेही लागले. बाबा चष्मा वर करून ते बॅनर वाचायचे आणि म्हणायचे, लोकशाही परत येते तेव्हा आधी फ्लेक्सवाल्याकडे येते.

त्यात रस्त्याचं प्रकरण होतं. गावातून जाणारा रस्ता रुंद करायचं चाललं होतं. तो रुंद झाला तर गावातले ओटे जाणार, काहींच्या पडव्या जाणार. गावाने ठरवलं, एक वीत जागा द्यायची नाही, आणि गाव एका मोठ्या पक्षाच्या मागे उभं राहिलं. पलीकडे नव्या टॉवरमधले लोक रोज त्या रस्त्यावर अडकून वैतागलेले. ते दुसऱ्या मोठ्या पक्षाच्या मागे. बाबांचं म्हणणं दोन्हीच्या मधलं. थोडा रस्ता गावातून रुंद करा, अर्धा अर्धा ओटा सगळ्यांनी सोडा, आणि बाकीची वाहतूक जुन्या मिठागराच्या कडेने वळवा. त्यांनी वहीच्या कागदावर पेन्सिलने नकाशा काढला होता. नकाशा चांगला होता. इतिहासाच्या मास्तरांना नकाशे बरे काढता येतात.

पक्षाची पहिली बैठक टॉवरमध्ये झाली, बाबांच्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या फ्लॅटवर. हा विद्यार्थी गुजराती, काचेचा धंदा, बाबांसमोर अजून बसताना शर्टाचं वरचं बटण लावणारा. दुसरा माणूस किनाऱ्यावरच्या पाली गावचा, जहाजावर आयुष्य काढून परत आलेला ख्रिस्ती इंजिनीअर, आवाज मोठा. तिसरे बाबा. मी चहा करायला म्हणून गेले होते, पण चहा विद्यार्थ्याच्या बायकोने केला, म्हणून मी नुसतीच बसले. नारळ तिथेच फोडला, बाल्कनीत, खाली पार्क केलेल्या कोणाच्या तरी गाडीवर पाणी उडालं.

बाबांनी त्या दिवशी भाषण केलं. स्टेशनजवळच्या रद्दीवाल्याकडून आणलेलं स्पेनच्या इतिहासाचं एक जाड पुस्तक त्यांच्या मांडीवर होतं. तिथला हुकूमशहा मेला आणि निवडणुका येणार असं दिसल्यावर तिथल्या कातालोनिया प्रांतात पक्षांचं पीक आलं. भिंती पोस्टरांनी भरून गेल्या. त्यात एक छोटा पक्ष होता, मधला. त्याला डावं व्हायचं नव्हतं, उजवं व्हायचं नव्हतं, आपली भाषा आणि आपला प्रांत सांभाळून देशातही राहायचं होतं. वकील, दुकानदार, मास्तर असली साधी माणसं त्यात होती. बाबा सांगताना असे रंगले होते की ती माणसं जणू आमच्या शेजारच्या राई-मोर्व्याची. "लोकशाही आल्यावर पहिल्याच दिवशी लोक दोन टोकांना पळतात," ते म्हणाले. "तेव्हा मधे कुणीतरी थांबावं लागतं." पालीच्या इंजिनीअरने विचारलं, मग मास्तर, ते जिंकले का? बाबांनी पुस्तक मिटलं आणि म्हणाले, ते महत्त्वाचं नाही. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

उमेदवार अर्थात बाबाच होणार होते. पण आरक्षणाची सोडत निघाली आणि आमच्या प्रभागातली जी जागा त्यांनी हेरली होती ती महिलांसाठी राखीव झाली. अशा वेळी आपल्याकडे काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. ज्याची जागा गेली त्याच्या घरातली बाई उभी राहते. बाबा मोठे सुधारक, आयुष्यभर मुलींना शिकवा म्हणून सांगत फिरले, पण संध्याकाळी माझ्यासमोर येऊन खुर्ची ओढून बसले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर तोच प्रश्न होता जो सगळ्या पुढाऱ्यांच्या चेहऱ्यावर त्या दिवशी होता. मी हो म्हटलं. का म्हटलं ते मला माहीत नाही. तेव्हा मला कुणी काहीही विचारलं असतं तरी मी हो म्हटलं असतं. नाही म्हणायला माणसाला काहीतरी हवं असावं लागतं.

दुसऱ्या दिवसापासून काका ओट्यावर आले नाहीत. आधी वाटलं, बरं नसेल. मग दिसलं की ते ओट्यावर येतात, बाबा आत गेल्यावर. बाबा बाहेर आले की ते उठून आत. बाबांनी एकदोनदा "दादा" म्हणून हाक मारली. काकांनी ऐकलं आणि चपला घालून नाक्याकडे गेले. भांडण झालं नाही, शब्दाला शब्द वाढला नाही. आम्हाला कुणी वाळीत टाकलं नाही. वाळीत टाकणं हा गुन्हा आहे, हे गावातल्या लहान पोरालाही माहीत आहे. फक्त हळदीची आमंत्रणं यायची थांबली, आणि किराणावाल्याच्या पायरीवर बाबा गेले की तिथलं बोलणं क्रिकेटवर यायचं. पाण्याचा पंप काकांच्या बाजूला आहे, बटण त्यांच्या स्वयंपाकघरात. पाणी यायच्या दिवशी पंप पूर्वीसारखाच वेळेवर सुरू व्हायचा आणि आमची टाकी भरेपर्यंत चालायचा. त्यात काकांनी एकदाही खाडा केला नाही. बाबा टाकी भरण्याचा आवाज ऐकत बसायचे, नळ बंद करायला उठायचे नाहीत.

अर्ज मागे घ्यायच्या शेवटच्या दिवशी सकाळी काकी मागच्या दाराने आल्या. हातात वाटी होती, कोलंबीच्या कालवणाची. वाटी ठेवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "अर्ज काढून घे म्हंतात. मंग सगला पयल्यासारका हुईल." कोण म्हणतात ते विचारायची गरज नव्हती. मी बाबांना सांगितलं. बाबा बराच वेळ नकाशा दुमडत आणि उलगडत बसले. शेवटी म्हणाले, अर्ज तुझा आहे, तू ठरव. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी माझ्यावर काही सोपवलं असेल, आणि तेही अशा वेळी. मी डबा भरला आणि लॅबमध्ये गेले. दुपारी एका बाईच्या मुलाचं रक्त घेताना सुई लागेना, मुलगा ओरडत होता, ते निस्तरेपर्यंत मुदत संपली. घरी येताना रिक्षात आठवलं. घाबरले नाही, वाईट वाटलं नाही. कालवण मात्र छान झालं होतं, ते मी दोन्ही वेळा खाल्लं.

मग चिन्हं वाटली. आम्ही छत्री मागितली होती. सगळ्यांना सामावून घेणारी, असं बाबांचं त्यामागचं भाषण तयार होतं. छत्री दुसऱ्याला गेली आणि आमच्या वाट्याला आला रोड रोलर. ज्या गावाला रस्ता नको आहे त्या गावात रोड रोलर चिन्ह घेऊन फिरायचं, याहून मोठी थट्टा कुणी ठरवूनही केली नसती. पालीचा इंजिनीअर डोक्याला हात लावून बसला. विद्यार्थी म्हणाला, सर, टॉवर में तो चलेगा. बाबा म्हणाले, आपण समजावून सांगू. ते चाळीस वर्षं मुलांना समजावून सांगत आले होते आणि अजून त्यांना वाटत होतं की समजावलं की लोकांना समजतं.

गावात आम्ही घरोघर गेलो. प्रत्येक घरात सरबत मिळालं. प्रत्येक बाई माझा हात धरून म्हणाली, तुलाच देणार, तू तर आमची. मोठ्या पक्षांची पत्रकं त्याच टीपॉयवर सरबताच्या ग्लासाखाली असायची. नाही म्हणायची पद्धत आमच्या गावात नाही. एका म्हाताऱ्या आजोबांनी तेवढं विचारलं, "अर्दा वोटा तोराचा, म्हंजे कसला गो? अर्द्यावर बसाचा कसा?" बाबांनी नकाशा उलगडला. आजोबांनी तो उलटा धरून बघितला, मग सुलटा, आणि परत दिला.

टॉवरमध्ये वेगळीच तऱ्हा. वॉचमन गेटच्या आत सोडत नव्हते, म्हणून विद्यार्थ्याने ओळखीने एका बिल्डिंगमध्ये इंटरकॉमवरून प्रचार करायची परवानगी काढली. मी लॉबीत उभी राहून एकेका फ्लॅटचा नंबर दाबायचे. नमस्ते, मैं चुनाव में खड़ी हूँ. पलीकडून एका बाईने विचारलं, कौन सी कंपनी का पार्सल है? दुसरीने सांगितलं, नीचे रख दो. एका माणसाने मात्र सगळं ऐकून घेतलं, रस्ता, मिठागर, वळण, सगळं. मग म्हणाला, मॅडम, मैं भाड़े पे रहता हूँ, मेरा वोट लखनऊ में है. मी आभार मानून पुढचा नंबर दाबला. ते काम मला लॅबसारखंच वाटत होतं, एक झाला की पुढचा.

मतदान झालं. एका माणसाने चार मतं द्यायची असतात आमच्याकडे, एकेका जागेसाठी एकेक. बाबांना वाटलं होतं, तीन मतं लोक आपापल्या पक्षाला देतील आणि एक तरी आपल्याला, सहज म्हणून. माणसं तशी नसतात. एकदा बोट एका बाजूला गेलं की चारही वेळा तिकडेच जातं. मतमोजणीच्या दिवशी मी लॅबमधून सुट्टी घेतली होती, ती वाया गेली, कारण आमचा निकाल नाश्त्याच्या वेळेलाच स्पष्ट झाला. नोटाला माझ्यापेक्षा जास्त मतं होती. डिपॉझिट गेलं. गावाने ज्यांना उचललं ते निवडून आले, गुलाल उधळत मिरवणूक आमच्या दारावरून गेली. ओट्यावर गुलाल पडला, काकांच्या बाजूला आणि आमच्याही. तो काकींनी सगळा झाडला, आमच्या बाजूचासुद्धा.

त्यानंतर पक्ष संपायला फार वेळ लागला नाही. काचेच्या दुकानाचं काहीतरी परवान्याचं काम अडलं आणि विद्यार्थी एका मोठ्या पक्षात गेला. शाल घातलेला फोटो त्याने बाबांना स्वतः पाठवला, खाली हात जोडलेले. पालीच्या इंजिनीअरला दुसऱ्या पक्षाने कसलंसं समिती सदस्यत्व दिलं. तो फोन करून बाबांशी खूप वेळ बोलला, मोठ्या आवाजात, अपराधी वाटत असलं की त्याचा आवाज अजून चढतो. पक्षाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून माणसं एकेक करून बाहेर पडली आणि शेवटी ग्रुपमध्ये बाबा आणि मी, दोघंच राहिलो. एके दिवशी मी स्वयंपाकघरात असताना त्या ग्रुपवर मेसेज आला. रविवारी संध्याकाळी ओट्यावर कार्यकारिणीची सभा. बाबा बाहेरच्या खोलीत होते.

रविवारी मी सभेला गेले. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. पक्ष विसर्जित करण्याचा ठराव त्यांनी मांडला आणि माझ्याकडे बघितलं. मी अनुमोदन दिलं. मग मी विचारलं, त्या स्पेनमधल्या पक्षाचं पुढे काय झालं. विरघळला, ते म्हणाले. कशात? एका मोठ्या पक्षात. मग तो मोठा पक्षही थोड्या वर्षांनी विरघळला. हे तुम्हाला आधीपासून माहीत होतं का, असं विचारल्यावर ते म्हणाले, पुस्तकात शेवटी होतं. मग काकांच्या बंद दाराकडे बघून हळूच म्हणाले, "पक्षाचं जाऊ दे. दादा बोलत नाही गं." एवढं बोलताना त्यांची हनुवटी हलत होती. बाबांना असं कधी पाहिलं नव्हतं. मी पाहिलं आणि आत जाऊन कुकर लावला. काही वाटायला हवं होतं, हे कळत होतं.

होळी झाल्यावर मी आणि काकी मागच्या अंगणात जवळा निवडत बसलो होतो. बायकांचं बोलणं कधी तुटलं नव्हतं, फक्त कमी झालं होतं. मी काकींना सरळ विचारलं, काकांना नेमका राग कशाचा? रस्त्याचा? पक्ष संपला, रस्त्याचं घोंगडं भिजत पडलंय, आता कसला राग? काकींनी हातातलं सूप खाली ठेवलं.

"रस्त्याचा कसला राग," त्या म्हणाल्या. "यांना कुनी इचारलं? बिल्डिंगीला इचारलं, पालीला जाऊन इचारलं. भिंतीपलीकरं कुनी इचारलं न्हाय."

मग त्यांनी मला आमच्याच घराची पद्धत सांगितली, जी मला माहीत असून माहीत नव्हती. या घरात मोठं काम काढायचं तर घरातल्या थोरल्यासमोर नारळ आणि विडा ठेवायचा आणि विचारायचं, हे करू का. थोरला नारळ उचलतो आणि म्हणतो, कर. तो सहसा नाही म्हणत नाही, पण विचारायचं असतं. आजोबा होते तेव्हा त्यांच्यासमोर ठेवायचे, ते गेल्यावर काकांसमोर. बाबांना मास्तरकी लागली तेव्हा ठेवला होता, माझं लग्न ठरलं तेव्हाही ठेवला होता. पक्षाचा नारळ मात्र टॉवरच्या बाल्कनीत फुटला, आणि माझं नाव ठरलं त्याच दिवशी काकांना ते नाक्यावर दुसऱ्याच्या फोनवर फोटोत दिसलं. चारचौघांत, काकी म्हणाल्या, ते चारचौघांत दिसलं.

मी हे बाबांना सांगितलं. ते खरोखर चकित झाले. त्यांनी लपवून ठेवलं नव्हतं, टाळलंही नव्हतं. त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. दादा घरातलाच, घरच्या माणसाला काय आमंत्रण द्यायचं, परक्यांना जाऊन समजवावं लागतं, दादा आपला आहे, तो असणारच, असं ते धरून चालले होते. दोघेही एकमेकांना आपलं समजत होते आणि त्यातूनच हे झालं. मी म्हटलं, मग आता जा आणि नारळ ठेवा. बाबा म्हणाले, आता काय म्हणून ठेवू? पक्ष तर बरखास्त झाला. संपलेल्या गोष्टीची परवानगी कशी मागतात? इतिहासाच्या मास्तरांना कुठलीही गोष्ट संपली की तिच्याखाली रेघ मारायची सवय असते. ते गेले नाहीत. त्यांना लाजही वाटत असणार, म्हातारपणी लाज जास्त वाटते.

चैत्रात गावदेवीची पालखी निघते. ती गावातल्या प्रत्येक दारासमोर थांबते. बायका खांदेकऱ्यांच्या पायांवर पाणी घालतात, ओवाळतात, घरधनी नारळ देतो. पालखीच्या पुढे काका चालतात. त्यांनी हात वर केला की पालखी थांबते, खाली केला की चालते. आमच्या ओट्यासमोर ती दोनदा थांबायची, आधी काकांच्या दारी, मग चार पावलं पुढे येऊन आमच्या. त्या वर्षी वरच्या आळीत कुणीतरी बाबांच्या कानावर घातलं की यंदा मास्तरांच्या दारी थांबणार नाही म्हणे. कुणी ठरवलं होतं असंही नाही, बोलणं होतं नुसतं. बाबांनी ऐकून घेतलं. तरी पालखीच्या दिवशी त्यांनी ओटा धुतला, ताट लावलं, निरांजन, हळदकुंकू, नारळ, विडा, सगळं. आणि धोतर नेसून दुपारपासून ओट्यावर आमच्या बाजूला उभे राहिले. बसा म्हटलं तर बसेनात.

पालखी आली. ढोलताशे, गुलाल, सगळं गाव मागे. काकांच्या दारासमोर काकांनी हात वर केला. काकींनी पाणी घातलं, ओवाळलं, काकींच्या भाच्याने काकांच्या वतीने नारळ दिला. काकांनी हात खाली केला. पालखी चालायला लागली आणि आमच्या दारासमोर आली. काकांचा हात खालीच होता. ते सरळ समोर बघत होते. बाबा ताट दोन्ही हातांत धरून उभे होते, आणि मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. मार खाणार हे माहीत असूनही वर्गाबाहेर वाट बघत थांबलेल्या मुलासारखं ते तोंड होतं.

तेव्हा मला राग आला. कुणाचा ते सांगता येणार नाही, बाबांचा, काकांचा, गावाचा, माझ्या नवऱ्याचासुद्धा, डबा न उघडता गेला म्हणून. पण आला, खरोखर आला, कान तापले. मी ताटातला नारळ आणि विडा उचलला आणि ओट्यावरून खाली उतरले. पालखीसमोर विधवा बाई येत नाही आमच्याकडे. बायकांनी तोंडाला पदर लावलेले मला दिसले. ढोलवाल्याचा हात थांबला. मी पालखीकडे गेलेच नाही. मी काकांसमोर जाऊन वाकले आणि नारळ-विडा त्यांच्या पायांपुढे रस्त्यावर ठेवला.

"काका," मी म्हटलं, "निवडणूक लागणार आहे म्हणतात. बाबांचा पक्ष आहे. मी उभी राहू का?"

मागे कुणीतरी हसलं. निवडणूक होऊन गेली होती, गुलालाचे डाग अजून भिंतीवर होते. काका हसले नाहीत. ते माझ्याकडे बघत राहिले, मग ओट्यावर बाबांकडे. बऱ्याच महिन्यांनी ते त्यांच्याकडे बघत होते. मागे खांदेकरी पालखी तोलून धरून ताटकळले होते, ती जमिनीवर टेकवता येत नाही.

"हरशील गो पोरी," काका म्हणाले.

"हो," मी म्हटलं.

ते गुडघ्यावर हात ठेवून, जड जड वाकले आणि नारळ उचलला. विडा कपाळाला लावून खिशात ठेवला. "कर," ते म्हणाले, आणि हात वर केला.

पालखी आमच्या दारी थांबली. मला रडू आलं, दोन वर्षांत पहिल्यांदा, भर रस्त्यात, सगळ्या गावासमोर, नाकातून पाणी वाहेपर्यंत, आणि ढोल पुन्हा सुरू झाल्यामुळे कुणाला ऐकू गेलं नाही. बाबा ताट घेऊन पायऱ्या उतरत होते, घाईत ताट कललं आणि निरांजन विझलं. काका पुढे झाले, खिशातून काडेपेटी काढली आणि भावाच्या हातातलं ताट खालून धरून म्हणाले, "नीट धर, मास्तर."